बिनआवाजाचा पॉवर सप्लाय

सरस्वतीपुरम, म्हैसूर
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय रक्षित,

काल कुरियरने वस्तू आल्या त्या अशा: तुझ्या जुन्या कॉम्प्युटरला पॉवर सप्लाय एक, तीन हजार दोनशे रुपये. जुन्या डिस्कला लागणारी जोडवायर एक, एकशे चाळीस. भिंतीपासून मशीनपर्यंतची जाड वायर खोक्यातच होती, तिचे वेगळे पैसे पडले नाहीत. चार नवे स्क्रूही आले, पण ते लागले नाहीत. जुनेच बसवले आणि नवे बटणांच्या डब्यात टाकून ठेवले. बसवणाऱ्या प्राणेशने मजुरी घेतली नाही म्हणून त्याला फराळातले घरचे कोडबळे बांधून दिले. त्याचा हिशेब मी मांडत नाही.

पहिल्याच ओळीत पैसे लिहिणारी आई आपल्यालाच कशी मिळाली, असं तू कॉलेजात असताना म्हणायचास. आताही म्हणशील. पण मला कुठून तरी सुरुवात करायची होती रे, आणि ज्याची किंमत लिहिता येते तिथून सुरुवात करणं सोपं जातं. तुझं पत्र दिवाळीचा पाडवा झाल्यावर मिळालं. महाशिवरात्रीला तुला संन्यासदीक्षा द्यायचं गुरूंच्या मनात आहे आणि त्याआधी आईची परवानगी लागते, ती मी माझ्या हाताने लिहून पाठवावी, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर याच पत्रात आहे. पण शेवटी आहे. आधीच शेवटचं पान काढून बघू नकोस, मधली हकीगत वाचल्याशिवाय ते तुला नीट कळायचं नाही. तुमच्या आश्रमात फोन ठेवू देत नाहीत, मग लांब लिहिल्याशिवाय मला दुसरा काय मार्ग? मी मॅट्रिकपर्यंत शिकले ती कन्नड शाळेत. मराठी लिहायला तुझ्या आजीने शिकवलं, तेही पोथी वाचता यावी म्हणून. तेव्हा बोलते तसं लिहिते. तिथे आता गंगेचं पाणी बर्फासारखं झालं असेल. अंघोळ उघड्यावरच करतोस का? पायात काही घालू देतात का? हे विचारू नये म्हणतात, तरी विचारते.

तर मशीनची गोष्ट. बाहेरच्या खोलीतला तो काळा डबा तुला आठवतो ना? म्हणजे आठवत असेलच, तूच तर जोडलास. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतास. दुकानात तयार मिळतो तो सोडून बेंगळूरूच्या एसपी रोडवर एकेक भाग हिंडून विकत घेतलास आणि पॅसेंजरमधून मांडीवर धरून आणलास. कॅबिनेट तेवढं रॅकवर ठेवलं होतंस, ते मंड्या स्टेशनला पडलं आणि कोपऱ्याला पोचा आला. तुझे अप्पा आधी चिडले, पोराला खेळणी हवीत म्हणाले, आणि मग सगळी दुपार बॅटरी धरून तुझ्याशेजारी बसले. वर्कशॉपात तीस-पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, पण तू त्यांना स्क्रूला हात लावू दिला नाहीस. त्यांनी बॅटरी तेवढी धरायची. ते नंतर कौतुकाने सगळ्यांना सांगत, माझ्या पोराने मला हेल्पर केलं म्हणून.

चार वर्षांपूर्वी तू आश्रमात गेलास तेव्हा लॅपटॉप ऑफिसला परत गेला, फोन शेजारच्या पवित्राला दिलास, तुझे शर्ट मी हळूहळू वाटले. हा डबा राहिला. त्याला कोण घेणार? मी त्यावर ओढणी घालून ठेवणार होते, पण तुझ्या अप्पांनी ती घालू दिली नाही. रोज दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावला, की हे बाहेरच्या खोलीत जाऊन मशीन चालू करायचे. टीव्हीसारखा पडदा असतो तो नाही हं, तो बंदच. नुसता डबा चालू. आणि शेजारी खुर्ची ओढून पेपर घेऊन बसायचे. जेवायला हाक मारली की बंद करून यायचे. मी म्हणायची, अहो, काय करता त्याचं? बिल कोण भरणार? तर एकच उत्तर, सुम्ने. उगीच. आपल्या घरात सुम्ने म्हटल्यावर पुढे विचारायची सोयच नाही. मी समजून चालले की हे त्यांचं कारखान्याचं शास्त्र असणार. मशीन पडून राहिलं की खराब होतं, रोज थोडं फिरवावं लागतं, स्कूटरलाही ते तसंच करतात. तसंच काही असेल म्हणून मी सोडून दिलं. पण बोलायची ती बोलायचीच.

यंदा खंडेनवमीला नेहमीसारखी पूजा केली. पाटावर खापरपणजोबांची तलवार, अप्पांची हत्यारांची पेटी, माझी कात्री, विळी, स्कूटर दारात, आणि तुझा कॉम्प्युटर. तू नसतानाही त्याची पूजा चुकवली नाही मी कधी. हत्तींची जंबूसवारी झाली, पाहुणे गेले, रस्त्यावरचे दिवे अजून काढले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला यांनी बटण दाबलं तर टप्प असा आवाज झाला आणि घरभर जळक्या रबरासारखा वास सुटला. मी धावत आले. यांनी प्लग काढला होता आणि डब्यावर तळहात ठेवून उभे होते, ताप बघतात तसे. मी म्हटलं, जाऊ द्या, जुनंच झालं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी बाहेरच्या खोलीत बसणं सोडलं. मागे धुण्याच्या दगडावर बसायला लागले, कढीलिंबाखाली, डास चावत असताना. पेपर सकाळचा संध्याकाळपर्यंत घडी न मोडता पडून. एक पोळी वाढली तरी ताट सरकवायचे. मी डॉक्टरकडे चला म्हटलं तर बीपी तपासून आले, बीपी ठीक. दिवाळीला गोदावरी आत्या आल्या होत्या. तुला माहीत आहे त्यांचं तोंड. भावाचा उतरलेला चेहरा बघून माझ्याकडेच वळल्या. म्हणे, वनजा, पोराला कडेवर होता तेव्हापासून देवळोदेवळी घेऊन हिंडलीस, देवाने ठेवून घेतला. आता नवऱ्याला तरी घरी ठेव. मी फराळाचं ताट पुढे केलं. दुसरं काय करणार? चकली तोंडात असली की त्या जरा थांबतात.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. मी ते वाचलं, परत वाचलं, देवघरात ठेवलं. उत्तर लिहायला बसले की हात चालेना. अप्पांना सांगावं तर त्यांची ती अशी तऱ्हा. मग मी म्हटलं, हे नंतर बघू, आधी जे आपल्या हाताने होण्यासारखं आहे ते करू. मशीन दुरुस्त झालं तर हा माणूस निदान घरात येऊन बसेल. यांना न सांगता कॅबिनेट जुन्या चादरीत बांधलं आणि ऑटो केली. ऑटोवाल्याने चादरीतून डोकावणारा पोचा बघितला आणि म्हणाला, अम्मा, भंगारवाला त्या बाजूला आहे, तुम्ही उलट चाललात.

प्राणेश म्हणजे तुझ्याच बाकावरचा. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, कॉम्प्युटरचं, देवळाच्या पुढच्या रस्त्याला. पोट सुटलंय, बाकी तोच. मला बघून उठला, खुर्ची दिली, चादर सोडल्यावर मात्र हसायला लागला. आंटी, हे म्युझियममध्ये द्या, मी तुम्हाला यापेक्षा हलकं, नवं, हातात मावणारं देतो. मी म्हटलं, मला नवं नको, हेच चालू करून दे. त्याने माझ्याकडे बघितलं. मागचा भाग खोलला, वायरी सोडवल्या आणि वरच्या कोपऱ्यातली पत्र्याची पेटी बाहेर काढली. हाच पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज घेऊन मशीनच्या बाकी भागांना झेपेल अशी करून वाटणारा. तो गेला की बाकी सगळं धडधाकट असूनही मेल्यासारखं. प्राणेशने ती पेटी हलवली तर आत खुळखुळा वाजावा तसा आवाज. उघडून कागदावर उपडी केली, तर काय पडावं? अक्षता. ढीगभर. हळदीच्या अक्षता काळ्या पडलेल्या, कुंकवाच्या खपल्या, शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या. मी दर खंडेनवमीला कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर, देवाच्या डोक्यावर वाहाव्या तशा वाहत होते, आणि ते सगळं आत बसलेल्या पंख्यावर जात होतं. प्राणेश डोक्याला हात लावून म्हणाला, आंटी, ह्याला वीज कमीजास्त झाल्याने काही झालं नाही, हा भक्तीने गेला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं पण हसली. मीही हसले. पण घरी येताना ते वाक्य काही सुटलं नाही मनातून.

मग नवा कुठला घ्यायचा, ही पंचाईत. त्याच्याकडे एक होता सहाशे रुपयांचा, खोक्यावर मोठा आकडा, पाचशे वॅट. दुसऱ्याचं त्याने चित्र दाखवलं, मागवावा लागणार होता, आकडा लहान, साडेचारशे, आणि किंमत वर लिहिली ती. मी काय म्हणणार? मोठा आणि स्वस्त सोडून लहान आणि महाग का घेऊ? तर त्याने तो सहाशेवाला माझ्या हातात दिला आणि म्हणाला, पितळेचं पातेलं घेताना बघता तसं बघा. अय्यो, काय हलका. तुपाचा रिकामा डबा. आणि मग तुझा जळका हातात दिला, तो त्याच्या दुप्पट जड. आकडा काय, कोणीही छापतं, म्हणाला. तुमच्या मशीनला दीडशेसुद्धा लागत नाही, पण लागतं ते खरं मिळायला हवं, आणि सारखं मिळायला हवं. आणि असला हलका सप्लाय जातो तेव्हा एकटा जात नाही, बाकीच्यांना घेऊन जातो. तुमचा हा जुना एकटाच गेला, डिस्क शाबूत आहे, बोर्ड शाबूत आहे. रक्षितने निवडला होता ना? तेव्हाच्या मानाने महागातला घेतला होता त्याने.

तू त्या वेळी त्या एका पेटीसाठी माझ्याशी भांडला होतास, आठवतं? आत असणाऱ्या, कोणाला न दिसणाऱ्या वस्तूवर एवढे पैसे कशाला, असं माझं म्हणणं. तू म्हणालास, आई, दिसत नाही तीच नीट घ्यायची असते. तेवढं ऐकून मी पिशवीतून टेप काढली, शिवणाची असते ना माझ्याजवळ नेहमी, आणि आम्ही मोजमाप घेतलं. जागा किती, लांबी किती, वायर खालच्या डिस्कपर्यंत पोचते का. हल्लीच्या सप्लायचा पंखा पोटाला असतो, तो हवा कुठून ओढणार, तेही बघितलं. तुझ्या जुन्या डिस्कचं तोंड मोठं, हल्लीच्या वायरीचं लहान, म्हणून ती जोडवायर. खोक्यावर तांब्याच्या रंगाचं एक चिन्ह असावं आणि पाच वर्षांची हमी असावी, हे दोन त्याने पक्कं सांगितलं. मी घरी येऊन दोन दिवस विचार केला. दिवाळीत साडी घेतली नव्हती. फोन करून मागव म्हटलं.

काल सकाळी प्राणेश घरी आला बसवायला. आता यांच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. हे मागच्या दारात उभे राहून बघत होते, आत येईनात. प्राणेशने आधी भिंतीचा प्लग तपासला आणि म्हणाला, आंटी, अर्थिंग सुकलंय, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत नव्हत्या? मला काय माहीत, मी फक्त पूजेपुरता हात लावणार. अप्पा दारातून म्हणाले, येत होत्या. म्हणजे हे रोज त्या डब्यावर हात ठेवत होते. सप्लाय कितीही चांगला घ्या, जमिनीकडची वाट मोकळी नसेल तर तो तरी काय करणार, असं म्हणून प्राणेशने अंगणात अर्थिंगची तार पुरली आहे त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालायला लावलं. आता तुळशीला घालते तसं तिथेही घालत जाईन.

पेटी आत बसेना. खाली जुन्या पद्धतीची पत्र्याची पट्टी आहे, ती नव्याच्या पंख्याच्या तोंडावर येत होती. प्राणेश घाम पुसत स्क्रू ड्रायव्हरने ती वाकवायला बघत होता. तुला ठाऊकच आहे, यांना कुणी हत्यार वाकडं धरलेलं बघवत नाही. थोडा वेळ दाराशी चुळबुळले, मग आले, प्राणेशच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं, पेटीतून पक्कड काढली आणि ती पट्टी अशी अलगद दुमडली की पत्र्याला ओरखडा नाही. मग त्यांनीच स्क्रू घेतले. प्राणेशने बॅटरी धरली. मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी टाकली आणि तिथेच उभी राहिले. बाहेरून दोघांचं बोलणं येत होतं, हा इकडे, तो नको, सावकाश. अप्पांचा आवाज दसऱ्यानंतर पहिल्यांदा तसा ऐकला. मला वाटलं, झालं काम. आज रात्री यांना शांतपणे बसवून तुझं पत्र वाचून दाखवू.

बटण दाबलं. एक हिरवा दिवा लागला आणि काही झालं नाही. अप्पांनी विचारलं, चाललंय का ते? प्राणेशला ह्या प्रश्नाचीच वाट होती. अंकल, हीच तर गंमत आहे, म्हणाला, याचा पंखा मशीनला काम पडल्याशिवाय फिरतच नाही, झोपलेल्या बाळाजवळ ठेवा, बाळ उठणार नाही. पडदा लावून दाखवला. सगळं जागच्या जागी होतं, तुझा तो निळ्या डोंगराचा फोटोसुद्धा. अप्पांनी मान डोलावली, प्राणेशच्या पाठीवर थाप मारली, फाटकापर्यंत सोडायला गेले. माझ्या एवढंच लक्षात आलं की चेहरा खुलला होता तो परत मिटला.

संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला. त्यांनी आपणहून जाऊन मशीन चालू केलं, खुर्ची ओढली, पेपर उघडला. मी दारातून बघत होते. पान काही उलटेना. मग ते वाकले आणि कॅबिनेटला कान लावला, वर्कशॉपात इंजिनाला लावत असतील तसा. बराच वेळ तसेच. मग सरळ झाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज नाही गं त्यात."

मी म्हटलं, अहो, बरंच नाही का, त्याचेच तर पैसे घेतलेत. ते म्हणाले, "जुना घरघरायचा तेव्हा वाटायचं, पोरगं आत काम करतंय. जेवायला हाक मारायची राहिली आहे."

रक्षित, ज्या घरघरीला मी चार वर्षं विजेचं बिल म्हणत होते ती ही होती. मी जवळ जाऊन खाली जमिनीवर बसले. बाहेर समोरच्यांची पोरं सायकली आत घेत होती. मग त्यांनीच तुझ्या पत्राचं विचारलं. पोस्टमनकडून तुझं पत्र यांनीच घेतलं होतं, अक्षर ओळखलं होतं, पाकिटावर माझं नाव बघून न फोडता माझ्या हातात दिलं होतं, आणि मी काही सांगेन म्हणून तेव्हापासून एवढे दिवस हे थांबले होते. मी सगळं सांगितलं. दीक्षा, शिवरात्र, परवानगी. चिडतील, उठून जातील असं वाटलं होतं. तसं काही केलं नाही. म्हणाले, "माझं नाव आहे का त्यात?"

मी म्हटलं, आहे, शेवटी लिहिलंय, अप्पांना नमस्कार. त्यांनी मान हलवली, पेपरची घडी जशी होती तशी घातली आणि मशीन बंद केलं.

आज सकाळी एकदा मनात आलं होतं, प्राणेशला सांगून आवाज करणारा एखादा जुना पंखा त्यात बसवून घ्यावा. तो शंभर-दोनशेत बसवून देईल. पण कळलं नव्हतं तोवर ठीक होतं. कळल्यावर तसला पंखा लावून यांना तिथे बसवायचं, हे मला जमणार नाही.

आता तुझं उत्तर. तुझी आई म्हणून मी तुला परवानगी देते. तू तीन वर्षांचा असताना बेट्टदपुरच्या डोंगरावर मी तुला कडेवर घेऊन चढले होते, वर पोचल्यावर दम लागलेला असताना देवाला म्हटलं होतं, हा तुझाच आहे. सगळ्या आया म्हणतात, मीही म्हटलं. त्याने ते ऐकून घेतलं असेल तर आता माझ्याने नाही म्हणवत नाही. रडू येतं, ते येऊ दे, त्याचा आणि परवानगीचा काही संबंध नाही. तू सुखात आहेस हे तुझ्या अक्षरावरून दिसतं, पूर्वी ओळी खाली उतरायच्या, आता सरळ जातात. तेव्हा माझ्याकडून हो आहे, आणि खाली मी सही केली आहे ती पूर्ण नावाने केली आहे, तुमच्या गुरूंना दाखवायला बरी.

पण हे सगळं पत्र मी या होकारासाठी लिहिलं नाही. त्याला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. कीर्तनात, पोथीत, सगळीकडे आईचीच परवानगी मागतात, बापाला विचारायची रीतच कुठे ऐकलेली नाही, म्हणून तूही मलाच लिहिलंस. पण रीत नाही म्हणून त्यांना कोणी विचारलंच नाही रे. तू जाताना नाही, आता नाही, आणि घरात राहून मीसुद्धा नाही. त्यांना एक पत्र लिही. त्यांच्या नावाने, नागोजीराव असं पूर्ण लिहून. त्यांची परवानगी माग, शास्त्राला लागत नसली तरी माग. ते काय म्हणतील मला ठाऊक नाही. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, नुसतं ऐकून घे. माझा होकार त्यावर अडवून ठेवलेला नाही, तो दिला तो दिला. दिवाळीपासून पोस्टमन यायच्या वेळी ते फाटकाशी जाऊन उभे राहतात, मी काही विचारलं तर सुम्ने म्हणतात. महिन्याला एकच पत्र लिहू देतात ना तिथे, पण महिना संपायची वाट बघू नकोस, गुरूंना सांगून उलट टपाली लिही.

तुझीच, आहे तोवर,
आई
(सौ. वनजा नागोजीराव)